चेन वाजत होती

त्याचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. अख्खी गल्ली त्याला कानोसा मिस्त्री म्हणायची. मोटरसायकल घेऊन कुणी दारात आला की काय झालंय, कधीपासून झालंय असं तो विचारायचाच नाही. ‘चालू कर,’ एवढंच म्हणायचा. मग लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. टोक दोन-तीन ठिकाणी फिरवलं की डोळे उघडायचे. ‘वरचा टॅपेट सैल आहे.’ किंवा, ‘बेअरिंग गेलंय, ठेवून जा.’ खोलल्यावर तेच निघायचं. दुसऱ्या मिस्त्रींनी हात टेकलेल्या गाड्या लोक त्याच्याकडे ढकलत आणायचे.

दुकान उताराच्या रस्त्यावर, वळणाला होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोघा भावांचं एकत्र घर. शेडमधली फरशी तेलानं इतकी काळी झाली होती की खाली पडलेला नट तळव्यानं चाचपूनच शोधावा लागे. थोरला ऐकायचा आणि खोलायचा. धाकटा गिऱ्हाइकांशी बोलायचा, सामान आणायचा आणि दुरुस्त झालेली गाडी उतारावरून पळवून बघायचा. धाकट्याची जीभ गोड. ‘दादा कान, मी तोंड,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, ‘डोकं कुणाचं ते विचारू नका, ते वहिनीचं.’

दोघांचा एक जुना वाद होता आणि तो ऐकायला चार रिकामटेकडे मुद्दाम शेडमध्ये येऊन बसत. इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह असतात. ते नेमक्या क्षणी उघडायचे आणि मिटायचे हे काम कॅमचं; मधे टॅपेट असतात, ते सैल झाले की टकटकतात. पण त्या कॅमला फिरवायचं कुणी? खाली क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरत असतो, त्याची फिरकी वर आणावी लागते. बहुतेक गाड्यांत ती एका बारीक टायमिंग चेननं वर येते. थोड्या महागड्या गाड्यांत चेन नसतेच. खालपासून वरपर्यंत दातात दात अडकवून गिअर बसवलेले असतात. धाकटा या गिअरच्या गाड्यांवर लट्टू होता. एकही परवडण्यासारखी नव्हती म्हणून जास्तच.

‘चेन ताणते, दादा,’ तो म्हणायचा. ‘ताणली की वेळ चुकली. गिअर एकदा बसवला की मरेपर्यंत तीच वेळ.’

‘आणि त्याचा एक दात पडला तर?’ मिस्त्री म्हणायचा. ‘पडलेला दात बाकीच्यांना चावत सुटतो. चेन बिचारी आजारी पडली तर आधी कण्हते. सांगते की बाबा, मी चालले, बघा माझ्याकडे. गिअरला कण्हणं माहीत नाही.’

‘तो गातो.’

‘शिट्ट्या मारतो. तुला गाणं आणि शिट्टी यातला फरक कळत नाही, म्हणून तर तुला रस्त्यावर पाठवतो.’

मंडळी हसायची. चेनची बाजू घेण्यात मिस्त्रीचा स्वार्थ होता, आणि ते तो कबूलही करायचा. चेन तुटण्याआधी वाजते. सकाळी इंजिन थंड असताना सुरू केलं की क्षणभर अगदी बारीक किणकिण येते, पत्र्याच्या डबीत कुणी सुया हलवल्यासारखी. गरम झाल्यावर ती बाकीच्या आवाजात बुडून जाते. चेन ताणलेली ठेवायला आत एक टेन्शनर असतो. त्याची पुढे सरकायची जागा संपली की मग ही किणकिण. ती ऐकणं हीच त्याची विद्या होती.

त्याचा कान असा गेला की जाताना त्यानं चाहूल दिली नाही. पत्र्याखाली घरघरणारा ग्राइंडर, सायलेन्सर काढून सुरू केलेल्या गाड्या, ऐरणीवर हातोडा. हे सगळं वीस-पंचवीस वर्षं डोक्याशेजारी चाललं होतं. आधी बारीक आवाज गेले. जाड आवाज तसेच राहिले, त्यामुळे काही गेलंय असं वाटेना. इंजिनाचा ठोका त्याला छातीत ऐकू यायचा. माणसं मात्र पुटपुटायला लागली होती. बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि तो यायचा नाही, तेव्हा ती म्हणायची, ‘ऐकलं न ऐकलं करण्यात यांचा हात कुणी धरणार नाही.’ घरात ही थट्टाच होती.

मग एके सकाळी दातांचा डॉक्टर आपली गाडी घेऊन आला. जुनी, जपलेली, गिअरच्या कॅमची. धाकट्यानं हातातलं काम टाकलं आणि पाहुणा आल्यासारखा शर्टाला हात पुसत पुढे धावला. ‘डॉक्टर, तुम्ही दातवाले आणि गाडीही दातवाली घेतलीत.’ डॉक्टरनं गाडी सुरू केली. धाकटा डोळे विस्फारून उभा. शेजारचा बेकरीवाला हातात कणकेचा गोळा तसाच घेऊन बाहेर आला. त्या गाडीचा आवाज उंच आणि लांबलचक होता, आणि ॲक्सिलरेटर पिळला की आणखी उंच चढत होता.

‘काय मिस्त्री, कसा वाटतो आवाज?’ डॉक्टरनं विचारलं.

मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला होता. आत ठोके पडत होते. स्वच्छ, भारदस्त, एकसारखे. बाकी काही नव्हतं.

‘शांत आहे,’ तो म्हणाला. ‘गिअरची गाडी इतकी शांत मी पाहिली नव्हती.’

मग धाकटा हसला, बेकरीवाला हसला, डॉक्टरही हसला. मिस्त्री गिअरवाल्यांची खोडी काढतोय असं त्यांना वाटलं. त्यांचे चेहरे बघून मिस्त्रीही हसला. समोर तीन माणसं एक आवाज ऐकत होती आणि तो आवाज त्याच्यासाठी जगात नव्हता.

ते त्यानं कुणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याचं नावच कान, त्यानं बहिरा झालो म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याऐवजी त्यानं एक वेगळीच गोष्ट केली. वादात बाजू बदलली.

‘तुझं बरोबर होतं,’ एक दिवस तो धाकट्याला म्हणाला. ‘चेन बेभरवशाची. गिअर तो गिअर. ताणणं नाही, टेन्शनर नाही, रोज उठून ऐकत बसायला नको.’

धाकटा बघतच राहिला. इतकी वर्षं भांडून मिळवायची ती गोष्ट फुकटात हातात आली तर माणसाला संशय येतो. ‘दादा, तब्येत बरी आहे ना?’ त्यानं विचारलं. मंडळी हसली. पण त्यानंतर तो वाद पुन्हा रंगला नाही. दोघंही एकाच बाजूला बसल्यावर भांडणार कुणाशी? रिकामटेकडे हळूहळू यायचे बंद झाले.

बायकोला मात्र समजलं. केव्हा समजलं ते तिनं कधी सांगितलं नाही. एके दिवशी ती भाजी निवडायचं ताट घेऊन शेडमध्ये येऊन बसली. मागच्या खोलीत उजेड नाही, म्हणाली. मग रोजच बसायला लागली. एखादी गाडी सुरू झाली की हातातलं काम न थांबवता, कुणाला उद्देशून नाही असं ती मोठ्यानं म्हणायची, ‘अगं बाई, या गाडीत काय किणकिणतंय? बांगड्या भरल्यात की काय?’

‘तुला काय कळतंय त्यातलं?’ मिस्त्री डाफरायचा. गिऱ्हाईक गालात हसायचं. आणि मग तो डाव्या बाजूचं झाकण उघडून टायमिंग चेन बघायचा.

काही वेळा ती म्हणायची, ‘टकटक कसली ही, दारावर कुणी आलंय का?’ तो पुन्हा डाफरायचा आणि टॅपेट खोलायचा. बाई बडबडी आहे, मिस्त्रीच्या डोक्याला ताप आहे, असं गल्लीत सर्वांचं मत झालं. ते तिच्या कानावर येत होतं. ती भाजी निवडत राहिली. नवराबायकोत या गोष्टीबद्दल कधी एक शब्दही झाला नाही, ना दिवसा, ना दिवा मालवल्यावर.

असं बरेच महिने निभावलं.

नंतर तिची बहीण आजारी पडली आणि ती काही दिवसांसाठी तिकडे गेली. त्याच दिवसांत एका सकाळी धाकट्यानं स्वतःची गाडी शेडमध्ये घेतली. शेडमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं थांबली होती.

‘दादा, बघ बरं जरा. सकाळी सुरू करताना वाजतेय. मला वाटतं, चेनच.’

मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. ठोका होता. दुसरं काहीच नव्हतं. त्यानं टोक सरकवलं. तळहात इंजिनावर ठेवून बघितलं. बायको नसताना आता तो बोटांनी ऐकायचा प्रयत्न करायचा, आणि कधी कधी ते जमायचंही. त्या दिवशी बोटांना गाडीचा नेहमीचा हादरा तेवढा लागला. गिऱ्हाइकं बघत होती. त्यांच्यातला एक दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणत होता, बघ आता, कान कसा लावतात ते.

‘टॅपेट आहे,’ मिस्त्री म्हणाला.

‘टॅपेट?’

‘टॅपेट. चेनला काही झालेलं नाही. अजून वर्षभर बघायला नको.’

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘बरं.’ मिस्त्रीनं टॅपेट नीट करून दिले आणि दुपारी धाकटा त्याच गाडीवरून पेठेत सामान आणायला गेला.

अपघात उताराच्या तळाशी झाला. चेन तुटली आणि खाली क्रँकच्या दात्यांत गोळा होऊन अडकली. क्रँक जागच्या जागी थांबला आणि त्याबरोबर मागचं चाकही. धाकट्याचा हात क्लचवर जाईपर्यंत गाडी आडवी झाली होती. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला, पण उताराला ब्रेक किती पुरणार? टेम्पोचं चाक धाकट्याच्या उजव्या पायावरून गेलं. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली वाचत नाही असं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी कापला.

दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये आणली. मिस्त्रीनं शेडचं दार आतून लावून घेतलं. बायको बहिणीकडून परत आली होती. ती कोपऱ्यात उभी राहिली. त्यानं झाकण उघडलं. चेनचा गोळा बाहेर काढला, मग टेन्शनर. टेन्शनरची दांडी शेवटच्या खाचेपर्यंत येऊन बसली होती. आणखी पुढे सरकायला जागाच नव्हती. तशी ती कित्येक दिवस असणार.

‘वाजत असणार ना?’ बायकोनं त्याच्यासमोर येऊन, तोंडाकडे तोंड करून विचारलं. इतकं सरळ ती पहिल्यांदाच बोलत होती.

‘बेकरीवाल्याला भट्टीशी बसल्या ऐकू येत असणार,’ तो म्हणाला.

ती खाली बसली. म्हणाली, ‘मी तुमचे कान व्हायला नको होतं. पहिल्याच दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं.’

त्याला त्यातलं अर्धंच ऐकू आलं, पण पुन्हा विचारावंसं वाटलं नाही.

दवाखान्यात जायला त्याला पुढचे चार दिवस धीर झाला नाही. गेला तेव्हा दुपारची वेळ होती. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चादर एका बाजूला सपाट होती. धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, स्टुलावर बसली होती. तिनं उठून त्याला स्टूल दिलं नाही.

धाकटा भिंतीकडे बघतच काहीतरी बोलला.

‘काय म्हणालास?’ मिस्त्रीनं विचारलं.

तो पुन्हा बोलला. मिस्त्री वाकला. ‘जरा मोठ्यानं.’

धाकटी उठली, त्याच्या कानाशी आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘हे विचारतायत, चेनच होती ना?’

शेजारच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघायला लागली.

‘चेनच होती,’ मिस्त्री म्हणाला.

‘भाऊजी, तुम्हाला ऐकू येत नाही.’ तिनं हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

‘नाही येत.’

सोनारानंच कान टोचावे म्हणतात. तिनं टोचले, आणि इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते दोन शब्दांत निघालं. तिच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी एक भलतंच आश्चर्य आलं, एवढंसं बोलायला या माणसाला भावाचा पाय जावा लागला, असं काहीसं. मग राग आला. ती वळून खिडकीशी गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

धाकट्यानं तोंड वळवलं. आता तो दादाच्या डोळ्यांकडे बघत, ओठ स्पष्ट हलवत बोलला.

‘मला माहीत होतं.’

‘कधीपासून?’

‘दातवाल्या डॉक्टरची गाडी आली तेव्हा शंका आली. तू गिअरची बाजू घेतलीस तेव्हा खात्री झाली. वहिनी बांगड्या-बिंगड्या म्हणायची तेही कळत होतं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू बोलला नाहीस.’

‘माहीत होतं तर गाडी माझ्याकडे कशाला आणलीस? त्या बारा-तेराकडे न्यायचीस.’

बारा-तेरा म्हणजे मागच्या बोळातला मिस्त्री. सगळी कामं एकाच बारा-तेरा नंबरच्या पान्यानं उरकतो म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. बारा-तेराकडे गाडी दिली की तिचे तीन तेरा, असं धाकटाच गिऱ्हाइकांना सांगायचा.

‘तुझा भाऊ स्वतःची गाडी दुसऱ्याला दाखवतो, हे गल्लीनं पाहिलं असतं तर?’ धाकटा म्हणाला. ‘मी म्हटलं ना तुला, चेन वाटतेय म्हणून. मुद्दाम म्हटलं. तू नुसतं बरं म्हणून झाकण उघडशील असं वाटलं. तू सगळ्यांसमोर टॅपेट म्हणालास. मग मी काय करायचं होतं?’

सगळ्यांना माहीत होतं. भावाला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, आणि त्याला स्वतःला तर सगळ्यांत आधी. प्रत्येकानं दुसऱ्याची लाज राखली आणि लाज राखता राखता पाय गेला.

धाकटा घरी आला, पण महिन्याभरात धाकटीनं वेगळं व्हायचं ठरवलं. तिनं आदळआपट केली नाही. भांडी वाटून घेतली, कपडे बांधले, आणि जाताना जावेला म्हणाली, ‘ताई, तुम्ही तरी मला सांगायचं होतं. मी यांना गाडीवर बसू दिलं नसतं.’ मिस्त्रीची बायको मान खाली घालून उभी राहिली. टांग्यासारख्या हलणाऱ्या हातगाडीवर सामान गेलं, मागून रिक्षात धाकटा. त्यानं रिक्षातून हात केला. दादानंही केला. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला धाकटीच्या माहेराजवळ राहायला गेली. तिकडे सुट्या भागांच्या एका दुकानात गल्ल्याशी बसायचं काम धाकट्याला मिळालं. बसून बोलायचं काम, ते त्याला जमण्यासारखं होतं.

मिस्त्रीनं दुकान लगेच बंद केलं नाही. त्यानं एक नवा शिरस्ता ठेवला. गाडी आली की आधीच सांगायचं, ‘मला ऐकू येत नाही. चाकं, ब्रेक, क्लच करून देईन. इंजिन वाजत असेल तर दुसरीकडे दाखवा.’ पहिल्या काही गिऱ्हाइकांना ती थट्टा वाटली. कानोसा मिस्त्री आणि बहिरा? मग बातमी पसरली आणि येणारे कमी होत गेले. जुनी माणसं ओळख ठेवून ब्रेकच्या कामाला यायची, पण त्यांच्या बोलण्यात दवाखान्यात भेटायला आल्यासारखा मऊपणा असायचा, आणि तो त्याला सोसत नसे. बायको त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं यंत्र दिलं. ते लावलं की बशी ठेवल्याचा, चप्पल घासल्याचा, पाण्याचा, सगळाच आवाज एकदम अंगावर यायचा. पण इंजिनाला लावून बघितलं तर नुसती खरखर. जे गेलं होतं ते त्या यंत्रात नव्हतं. तो घरात बायकोशी बोलताना तेवढं लावायचा. ती आता थोडंच बोलायची.

पुढच्या वर्षी शेड भाड्यानं दिली आणि तो गिअर कापायच्या कारखान्यात लागला. तिथं लोखंडी चकत्यांवर दात पाडणारी यंत्रं ओळीनं उभी होती. यंत्रं सुरू झाली की कुणालाच काही ऐकू यायचं नाही. माणसं हातवारे करून बोलायची, तीन बोटं म्हणजे चहा, मनगटावर टिचकी म्हणजे सुट्टी झाली. त्याला कुणी बहिरा म्हटलं नाही, कारण तिथं जुने सगळेच कमी-जास्त तसे होते. नव्या आलेल्यांना तो खुणेनं कापसाचे बोळे दाखवायचा. बोळे कानात घाला, म्हणायचा. ती तरणी मंडळी हसायची आणि घालायची नाहीत.

दोन वर्षांनी धाकट्याचा निरोप आला. त्याला पुन्हा गाडी चालवायची होती. एका पायानं चालवता येईल, ब्रेक आणि गिअर दोन्ही हातांशी आणता येतील, मागे दोन चाकं बसवता येतील, अशी गाडी करून देशील का? निरोप सामानाच्या दुकानातल्या माणसाबरोबर तोंडीच आला होता. धाकटीला हे माहीत आहे का, असं मिस्त्रीनं विचारलं. माहीत आहे, तो माणूस म्हणाला, ती दोन दिवस जेवली नाही, मग हो म्हणाली.

मिस्त्री कामाला लागला. कारखान्यातून आला की शेडच्या मागच्या ओट्यावर बसायचा. फुटलेल्या गाडीचा सांगाडा त्यानं घेतला नाही, दुसरी शोधून आणली. दांडे वाकवले, मागचा आस जोडला, हाताशी लिव्हर आणले. इंजिन पूर्ण खोलून नवी चेन टाकली, नवा टेन्शनर टाकला. गिअरच्या कॅमचं इंजिन आणणं त्याच्या आवाक्यात नव्हतं; आणि आवाक्यात असतं तरी त्याला आता त्याबद्दल मत उरलं नव्हतं. गाडी तयार झाली तेव्हा तिच्यावर बसून तो ओट्याभोवती फिरून आला. हाताला काही चुकलेलं जाणवलं नाही.

मग त्यानं गाडी ढकलत मागच्या बोळात नेली, बायकोला बरोबर घेऊन. बारा-तेरा दारात बसला होता. इतक्या वर्षांत मिस्त्री त्याच्या पायरीला शिवला नव्हता.

‘ऐकून द्या,’ मिस्त्री म्हणाला. ‘भावाची आहे.’

बारा-तेरानं काही टोमणा मारला नाही. इंजिन थंड होऊ दिलं, दोन तास. त्याच्या पायरीवर मिस्त्री आणि बायको बसून राहिले. त्यानं पाणी आणून दिलं. मग गाडी सुरू केली, वाकून कान लावला, बंद केली, पुन्हा सुरू केली. काय ते मिस्त्रीच्या बायकोला सांगितलं आणि तिनं नवऱ्याकडे तोंड करून सांगितलं.

‘चेन चांगली आहे म्हणतात. टॅपेट एक जरा सैल आहे.’

‘कुठला?’

‘खालचा.’

मिस्त्रीनं बारा-तेराकडे पान्यासाठी हात पुढे केला. बारा-तेरानं मान हलवली आणि स्वतःच टॅपेट नीट करायला बसला. मिस्त्री बघत राहिला. काम नीट होत होतं. इतकी वर्षं या माणसाला हसलो ते उगाचच, एवढं त्याला त्या वेळी कळलं, आणि ते कळून आता काही उपयोग नव्हता.

गाडी धाकट्याकडे टेम्पोतून पाठवली. मिस्त्री बरोबर गेला. धाकट्यानं गाडीभोवती कुबडीवर एक फेरी मारली, लिव्हर दाबून बघितले, सीटवरून हात फिरवला. ‘काम चोख केलंयस,’ ओठ स्पष्ट हलवून तो म्हणाला. धाकटी दारातून बघत होती. तिनं मिस्त्रीला आत या म्हटलं नाही, पण चहा बाहेर आणून दिला. कप घेताना मिस्त्री तिला म्हणाला, ‘बारा-तेरानं ऐकलीय. मी नाही.’ तिनं मान हलवली. मग कप परत घेऊन आत गेली.

धाकटा ती गाडी रोज चालवतो. कारखान्यातल्या कुणा ना कुणाला तो रस्त्यात दिसतो, आणि ते येऊन मिस्त्रीला खुणेनं सांगतात, एक हात पुढे करून मूठ पिळल्यासारखं करून. गाडी दुरुस्तीला तो बारा-तेराकडे नेतो. दादाच्या घरावरूनच तो रस्ता जातो. बायको दारात असली तर धाकटा वहिनीला हात करतो, कधी थांबून दोन शब्द बोलतो, दादा कसा आहे म्हणून विचारतो. मिस्त्री तेव्हा बहुधा कारखान्यात असतो. घरी असला तरी गाडी आलेली त्याला कळत नाही. बायको आत येऊन सांगते, तोवर धाकटा पुढे गेलेला असतो.